चीनचं झाड, चांदोलीचा नरक्या



आपल्यासमोर एका चिनी औषधी झाडाबद्दल बोलायला मी उभा आहे. शिराळ्यात येऊन चीनच्या झाडाची गोष्ट कशाला, असं कुणाच्या मनात आलं तर ते रास्तच आहे. या गावाची ओळख नागपंचमी, गोरक्षनाथ आणि समर्थांनी स्थापलेला मारुती. पश्चिमेला पाहिलं तर वारणेचं धरण आणि चांदोलीचं रान. मग चीन कुठे आला? तो आला तो एका रेणूमुळे. दक्षिण चीनमधल्या एका झाडाच्या सालीत सापडलेला, आज जगभर कर्करोगावर वापरल्या जाणाऱ्या औषधांचा मूळपुरुष असलेला एक रेणू आपल्या सह्याद्रीतल्या एका बुटक्या, दुर्लक्षित झाडातही आहे. त्या झाडाला आपण नरक्या म्हणतो. या दोन झाडांच्या आधाराने मला एकच मुद्दा मांडायचा आहे. वनस्पतींवर आपली श्रद्धा आहे, असावीही. पण जी श्रद्धा मोजायला तयार नसते, ती रोग्यालाही वाचवत नाही आणि झाडालाही वाचवत नाही. दोघांचाही बचाव तपासण्यात आणि मोजण्यात आहे.

आधी चीनचं झाड पाहू. शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अॅक्युमिनाटा. चिनी लोक त्याला 'शी-शू' म्हणतात. उंच, सरळ वाढणारं, दक्षिण चीनच्या दमट प्रदेशातलं झाड. तिथल्या लोकवैद्यकात त्वचेचे, पोटाचे, यकृताचे विकार अशा अनेक तक्रारींवर त्याचा उपयोग सांगितला जाई. अमेरिकेच्या शेतीखात्याने ते कॅलिफोर्नियात लावलं होतं. १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या सरकारी प्रयोगशाळेत मन्रो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ शेकडो वनस्पतींचे अर्क तपासत होते, आणि शोधत होते कॉर्टिझोनसारख्या संप्रेरकासाठी लागणारा कच्चा माल. कर्करोगाशी या शोधाचा काही संबंध नव्हता. त्यांतले अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला गेले, आणि उंदरांमधल्या कर्करोगावर या एका झाडाचा अर्क ठळकपणे चालला. पुढे वॉल उत्तर कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथे त्यांना एक सहकारी मिळाले. मनसुख वाणी. जन्म १९२५, गाव नंदुरबार. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकलेला हा खानदेशचा माणूस. १९६६ साली वॉल, वाणी आणि सहकाऱ्यांनी त्या अर्कातून शुद्ध रेणू वेगळा काढून त्याची रचना जाहीर केली. नाव ठेवलं कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने १९७१ साली पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. कर्करोगाच्या औषधांच्या दोन मोठ्या घराण्यांच्या मुळाशी नंदुरबारचा एक माणूस आहे, आणि आपल्या शाळांतल्या किती मुलांना त्याचं नाव माहीत आहे? २०२० साली ते वारले, तेव्हाही आपल्याकडे फारशी हळहळ झाली नाही.

आता रसायनाकडे येऊ. हा भाग थोडा संथपणे सांगावा लागेल, कारण सगळा वाद शेवटी इथेच सुटतो. कॅम्प्टोथेसिन ही फिकट पिवळी पूड. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. रेणूत पाच कडी एकमेकांना चिकटलेली आहेत, आणि शेवटचं, पाचवं कडं सर्वांत महत्त्वाचं. रसायनशास्त्रात त्याला लॅक्टोन म्हणतात. हे कडं बंद असेल तर रेणू काम करतो. उघडलं तर जवळजवळ निकामी. आणि हे कडं उघडतं कशाने? आपल्या रक्ताच्या सौम्य अल्कधर्मी स्वभावाने. उघडलेला रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रोग्यांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा हे कुणाला नीट उमगलं नव्हतं. औषध पाण्यात विरघळावं म्हणून त्याचं सोडियमचं क्षार रूप दिलं गेलं. म्हणजे नेमकं उघड्या कड्याचं, निष्प्रभ रूप. मग परिणामासाठी मात्रा वाढवावी लागली. पुढे ते मूत्राशयात पोहोचलं. तिथल्या आम्लात कडं पुन्हा बंद झालं, रेणू पुन्हा जागा झाला आणि रोग्यांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. जोडीला अस्थिमज्जा दबली, रक्तपेशी घटल्या. चाचण्या थांबवल्या गेल्या. इतक्या आशेने पाहिलेलं औषध फडताळात गेलं.

ते पुन्हा बाहेर कसं आलं? त्याचं काम कळलं म्हणून. १९८५ साली अमेरिकेतल्या लेरॉय ल्यू यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं की हा रेणू टोपोआयसोमरेज-एक नावाच्या विकरावर बसतो. आपल्यातल्या ज्यांनी गुरांचा कासरा वळला आहे, त्यांना हे लगेच कळेल. दोरीचे पेड एका टोकाकडून उलगडायला गेलं की पुढे पीळ साचतो, गाठी पडतात. पेशी दुभंगताना डीएनएचे दोन धागे असेच वेगळे होतात आणि पुढे पीळ साचतो. हे विकर एक धागा क्षणभर कापतं, पीळ सुटू देतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखं अडकतं आणि जोड होऊ देत नाही. प्रत काढत येणारी यंत्रणा तिथे आदळते, दोन्ही धागे तुटतात, पेशी मरते. जी पेशी सारखी दुभंगते तिला मार जास्त. कर्करोगाची पेशी सारखी दुभंगते. पण आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं यांच्याही पेशी सारख्या दुभंगतात. विषाची आणि औषधाची वाट एकच, हे इथे अगदी उघड दिसतं. मग शास्त्रज्ञांनी रेणूच बदलायला घेतला. त्याला असे गट जोडले की तो विरघळावा आणि पाचवं कडंही राहावं. त्यातून मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर चालणारं इरिनोटेकन आलं, जपानमध्ये १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली. त्याच वर्षी बीजकोशाच्या कर्करोगासाठी टोपोटेकन आलं. अलीकडे स्तनाच्या कर्करोगासाठी आलेली ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकनसारखी औषधं याच घराण्याचा रेणू प्रतिपिंडाच्या पाठीवर बसवून थेट गाठीपर्यंत नेतात. रेणू हाती आल्यापासून औषध रोग्यापर्यंत यायला जवळजवळ तीस वर्षं लागली. ही तीस वर्षं लक्षात ठेवा.

आणि आता आपलं रान. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या एका झाडातून हाच रेणू, आणि त्याचा एक मेथॉक्सी भाऊही, वेगळा काढला. तेव्हा त्या झाडाचं शास्त्रीय नाव मॅपिया फेटिडा असं होतं. आज त्याला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. आपला नरक्या. कोयना-चांदोलीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात, पुढे राधानगरी, आंबोलीकडे आणि खाली पार केरळपर्यंत तो आहे. फुलांना असा दर्प की माणूस नाक दाबून पुढे जातो, लाकूड इमारतीच्या उपयोगाचं नाही; म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. वाळलेल्या सालीत आणि लाकडात या रेणूचं प्रमाण साधारण ०.१ ते ०.३ टक्के निघतं, मुळांत आणखी जास्त. म्हणजे शंभर किलो सुक्या मालात शंभर ते तीनशे ग्रॅम. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण चिनी झाडात सहसा मिळतं त्यापेक्षा हे अधिक आहे, आणि म्हणूनच जगाची नजर इकडे वळली. एक विलक्षण गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जो रेणू इतर प्राणिमात्रांच्या पेशी मारतो तो त्याला बनवणाऱ्या वनस्पतींना मारत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या त्या विकरातच नेमक्या जागी बदल झालेला असतो. चिनी झाडावर जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली हे दाखवलं. एकमेकांपासून हजारो मैलांवर, वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती एकच शस्त्र घडवतात आणि आपल्यापुरतं चिलखतही. सृष्टीबद्दल आदर वाटायला याहून काय हवं?

आता आक्षेपांकडे वळतो, कारण या विषयावर बोलताना ते येतातच, आणि त्यांना हसून उडवून लावणं मला मान्य नाही. पहिला आक्षेप असा की आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊकच होतं, पाश्चात्त्यांनी फक्त त्यावर शिक्का मारला. काही बाबतींत यात तथ्य आहे. चीनच्याच तू यूयू यांचं उदाहरण घ्या. हिवतापावरचं औषध शोधताना चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या वैद्यकग्रंथातला एक उल्लेख त्यांना वाट दाखवून गेला. चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यावा, असं तिथे सांगितलं होतं. उकळावं, असं नव्हतं. उष्णतेने गुण जात असावा हे त्यांनी ओळखलं, कमी तापमानाला अर्क काढला, आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा जुना ग्रंथ वाट दाखवतो, हे मी आनंदाने मान्य करतो. पण कॅम्प्टोथेसिन कुठल्या ग्रंथाने दाखवलं? चीनच्या लोकवैद्यकाने त्या झाडाला पोटाचं आणि कातडीचं औषध मानलं. त्याचा कर्करोगावरचा गुण उंदरांवरच्या चाचणीतून कळला, तोही दुसरंच काही शोधताना. आपल्या चरक-सुश्रुतांच्या औषधांतही नरक्या नाही. जे नाही ते आहे म्हणणं हा पूर्वजांचा सन्मान होत नाही. त्यांनी ज्या गोष्टी खरोखर पाहिल्या, नोंदल्या, त्यांची किंमत यामुळे उलट कमी होते.

शिराळ्यात बोलतोय म्हणून आणखी एक उदाहरण, आणि ते सापाशी जोडलेलं आहे. कॅम्प्टोथेसिन असलेली आणखी एक वनस्पती आहे, ऑफिओऱ्हायझा. पश्चिम घाटात तिच्या जाती वाढतात. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत तिच्या मुळीला सर्पदंशावरचा उतारा मानत आले. नागाशी झुंजताना मुंगूस ती खातो, अशी समजूत. तपासणीत काय निघालं? सर्पविषाला हरवणारं सिद्ध असं काही नाही; निघालं ते कर्करोगाच्या पेशीला मारणारं कॅम्प्टोथेसिन. म्हणजे लोकांनी मुळी ओळखली, तिच्यात काहीतरी ताकद आहे हेही ओळखलं, पण ताकद कुठे चालते ते सांगायला प्रयोगशाळाच लागली. सर्पदंशावर आजही एकच भरवशाचं औषध आहे, आणि ते म्हणजे घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही विषांवर ते चालतं. नागाला देव मानणाऱ्या या गावात मी हे ठासून सांगतो, कारण मुळी उगाळत बसण्यात गेलेली प्रत्येक घटका जिवावर बेतते.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. झाडात औषध आहे ना? मग नरक्याची साल उकळून काढा का घेऊ नये? इतकी महाग इंजेक्शनं कशाला? घरात कर्करोगाचा रुग्ण आहे, कर्ज झालं आहे, असा माणूस हे विचारतो तेव्हा त्याच्या वेदनेचा मान राखूनच उत्तर द्यायला हवं. उत्तर असं की रेणू पाण्यात विरघळत नाही, म्हणून काढ्यात किती उतरला हे कुणालाच सांगता येत नाही. एका झाडात दुसऱ्याच्या कित्येक पट प्रमाण असू शकतं. आज घेतलेल्या काढ्यात काहीच नसेल, उद्याच्या काढ्यात घातक मात्रा असेल. औषध आणि विष यांच्यातलं अंतर या रेणूत फार थोडं आहे. शुद्ध, मोजलेलं इरिनोटेकन रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं तरी तीव्र जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घसरतात. त्यातही काही लोकांच्या यकृतातलं ते निकामी करणारं विकर जन्मतःच अशक्त असतं. त्यांना नेहमीची मात्राही झेपत नाही. शुद्ध औषधाची ही गत, तर मोजमाप नसलेल्या काढ्याची काय सांगावी?

'वनस्पती आहे, अपाय काय करणार?' हे वाक्य तर आपण किती सहज बोलतो! सापसण नावाची वेल आपल्या डोंगरांत आहे. तीही लोक सर्पदंशावर वापरत आले. तिच्या कुळात अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एका वनस्पतीऐवजी चुकून सापसणीच्या कुळातली वनस्पती गेली. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली, कित्येकींची कायमची निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे आम्ल असलेल्या वनस्पती माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या वर्गात टाकल्या आहेत. नरक्याही वनस्पती, सापसणही वनस्पती. कुठलं काय करतं हे जातीवरून, भागावरून, मात्रेवरून ठरतं. ते मोजल्याखेरीज कसं कळणार?

इथवर रुग्णाचं झालं. झाडाचं काय? नरक्याची मागणी वाढली तशी त्याची तोड सुरू झाली. कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या रानांतून नरक्याचं लाकूड चोरून नेताना माणसं पकडली गेली आहेत. झाड लहान, साल काढली की मरतं, मुळात प्रमाण जास्त म्हणून मुळासकट उपटलं की तिथला कोंबही जातो. आणि तोडणारा आंधळेपणाने तोडतो. कुठल्या झाडात किती रेणू आहे हे त्याला ठाऊक नसतं. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटभर वेगवेगळी झाडं तपासली तेव्हा प्रमाणातला फरक प्रचंड निघाला. काही झाडांत एक टक्क्याच्याही वर रेणू होता. अशी श्रीमंत झाडं रानात उभी असताना बाजारासाठी गरीब झाडं टनाने तोडायची, यात रानाचंही नुकसान आणि व्यापाराचंही.

यावर कुणी म्हणेल, डोंगरातल्या माणसाने पोट कशावर भरायचं? चांदोलीच्या धरणाने आणि पुढे अभयारण्याने गावंच्या गावं उठली. १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ साली जागतिक वारसा. रानाचा मान वाढत गेला आणि रानातला माणूस खाली सपाटीवरच्या वसाहतीत गेला. त्याला उत्पन्न नको? हवं. नक्की हवं. पण चोरट्या तोडीत त्याला मिळते ती मजुरी, आणि गुन्हा दाखल झाला तर तुरुंग. रेणूची किंमत दुसरीकडेच जाते. टॅक्सॉलच्या वेळी अमेरिकेत हाच पेच पडला होता. साल काढली की यू मरे. मग युरोपातल्या त्याच्या भावाच्या पानांतून कच्चा रेणू काढून त्याचं टॅक्सॉल बनवण्याची रीत बसली, आणि साल सोलणं थांबलं. आपल्या शेताच्या बांधावर, परसात, चांगल्या प्रमाणाच्या झाडांची रोपं लावून, पाळीने फांद्या छाटून माल काढता येईल. त्यासाठी कुठलं झाड चांगलं, हे मोजून ठरलेलं हवं.

शेवटचा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. रेणू रसायनांतून बनवता येतो, नरक्याच्या आत राहणारी बुरशीही तो बनवते. मग झाड कशाला सांभाळायचं? बुरशीची गोष्ट खरी आहे. जम्मूच्या संशोधकांनी २००५ साली ती दाखवली. पण झाडाबाहेर पिढ्या वाढवत गेलं की अशा बुरशा रेणू बनवायचं हळूहळू सोडून देतात, असा अनुभव पुढे आला. पूर्ण कृत्रिम रीत आहे, पण लांबलचक. आजही औषधकंपन्या बहुतेक वेळा सुरुवात वनस्पतीतल्या रेणूपासून करतात. शिवाय आपल्याला ठाऊक असलेला हा एक रेणू. चांदोलीच्या नरक्यात, गुढे-पाचगणीच्या पठारावरच्या कुठल्या झुडपात, अजून काय काय आहे? ज्याचा अर्क कुणी काढलेला नाही त्याबद्दल आपण काय बोलणार?

म्हणून मी आपल्यापुढे एक काम ठेवतो, आणि ते या सभागृहातल्या ग्रामपंचायत सदस्यांनी आणि महाविद्यालयातल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर होण्याजोगं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात आहे आणि तिच्यात 'नरक्या' हा शब्द असला तरी पुढे काही नाही. तिथे लिहायला हवं: झाडं कुठल्या मळीत, किती, रोपं किती, कुणी तोडली का, कधी. उठवलेल्या गावांतली म्हातारी माणसं आज वसाहतींत आहेत; कुठल्या ओढ्याच्या काठाला नरक्या दाट होता हे त्यांना अजून आठवतं, आणि ती माणसं फार दिवस आपल्यात असणार नाहीत. त्यांच्या तोंडची माहिती याच वर्षी उतरवून घ्या. वनखात्याच्या परवानगीने रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पानांचे थोडे नमुने आणून प्रमाण तपासावं. त्याला लागणारी यंत्रं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहेत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट मिळते, पण माल लागवडीचाच आहे असा दाखला गावच्या समितीकडून लागतो. ज्या समितीच्या वहीत रानातली झाडं मोजलेली नाहीत, ती समिती रानातला माल आणि बांधावरचा माल कशाच्या आधारे वेगळा ओळखणार? पुढचा पावसाळा लागायच्या आत निदान चांदोलीच्या कडेच्या गावांच्या वह्या भरल्या जाव्यात, एवढी विनंती करतो आणि थांबतो.